पिठातली हिरवी पावलं

अनुभव लिहायचे ते केस पांढरे झाल्यावर, असं आपल्याकडं मानतात. मी एकोणतीस वर्षांची आहे, केस काळे आहेत आणि आवाज अजून चढाच आहे. पण मी ज्या प्राण्याच्या मागावर असते त्याला उघड्यावर जेमतेम वर्षभराचं आयुष्य मिळतं. त्याच्या मापानं माझ्या नोकरीत सहा पिढ्या उलटून गेल्या. तेव्हा लिहायचा हक्क मला आहे. संपादकांना तसं वाटलं नाही तर त्यांनी हे पान खुशाल काढून टाकावं, मला पत्रक छापता येतं.

पत्रकाचं आधी सांगते, कारण बिघडलं ते तिथूनच. मी देवगाव रंगारीची, शेतकऱ्याघरची. कॉलेजसाठी शहरात आले ती थेट चळवळीत पडले आणि लिहायला शिकले ती पत्रकं. हॉस्टेलचं पाणी, बसचे पास, परीक्षेचे घोळ. पत्रकाची रीत ठरलेली असते: वर ठळक मथळा, मध्ये गुन्हेगार, खाली ‘उठा!’ सगळं एका पानात बसलं पाहिजे आणि वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे. डोकं तापवण्यात माझा हात कुणी धरत नसे. ते खरं आहे का, हे बघायला पानात जागा उरायची नाही.

शिक्षण संपल्यावर मी एका लहानशा संस्थेत लागले. संस्था शहरातल्या नाल्यांवर काम करते. मला काय काम मिळालंय ते मी आईला फोनवर सांगितलं.

“एवढं शिकून उंदरं मोजती?”

“मोजत नाय आई, माग काढते. कुठवर पोचलेत ते बघते.”

“मग मांजरं काय करत्यात?”



उंदीर म्हणजे उंदीर, त्यात माग कसला काढायचा, असं तुम्हीही म्हणाल. म्हणू नका. आपल्याकडं मुख्य तीन पाहुणे. एक घरातला काळा उंदीर: सडपातळ, कान मोठे, माळ्यावर राहणारा, भिंतीवरून धावणारा. दुसरी घूस: अंगानं थोराड, जमीन उकरून मातीचे ढीग घालणारी. हे दोघं आपलेच, जुने भाडेकरू. तिसरा मात्र परका. तपकिरी, जाड अंगाचा, बारीक कानांचा, बोथट तोंडाचा. जहाजांतून बंदरात उतरला आणि मालाबरोबर, गटारांबरोबर देशाच्या आत आत सरकत आला. याचं वैशिष्ट्य म्हणजे पाणी. हा पोहतो, बुडी मारतो, ड्रेनेजच्या पाइपातून उलटा वर चढतो. राहायला नाल्याकाठी आणि जेवायला तुमच्या घरी. त्यानं मुतलेलं पाणी कुठं साचलं आणि पायाला जखम असलेला माणूस त्यातून चालत गेला, की ताप दवाखान्यापर्यंत नेतो. म्हणून तो कोणत्या नाल्याच्या कडेनं कोणत्या वस्तीत पोचलाय हे कळावं लागतं. ऑफिसात एक नकाशा आहे. तो जिथं खात्रीनं सापडला तिथं मी लाल टाचणी टोचते.

खात्री कशी करायची ते मला हमीदचाचांनी शिकवलं. चाचा खुलताबादचे. उभा जन्म धान्याच्या दुकानांत पिंजरे लावण्यात गेलेला. संस्थेला लागेल तेव्हा बसनं खाली शहरात उतरतात, एका पिशवीत पिंजरा, दुसरीत शिळी भजी. आमिष म्हणून भज्याला तोड नाही असं त्यांचं मत, आणि निम्मी भजी वाटेत तेच खातात.

“दुम देखो बेटा,” त्यांचा पहिला धडा. “दुम पीठ पर से उलटा के मुंडी की तरफ लाव. नाक के आगे गया तो घर का काला. नाक तक पोंचाच नइं तो वो नाले का. बाकी सब बाद में.”

लोक मदत करतात, पण आपल्या पद्धतीनं. एकदा एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन आले, वर दोरा बांधलेला. मला वाटलं कुणाचा तरी निकाल लागला. मी दोरा सोडून सगळ्यांना हाक मारली, आणि डब्यात, खाली कागद घालून, व्यवस्थित निजवलेला मेलेला उंदीर. “तुमच्या नकाशासाठी आणला,” ते म्हणाले. उंदीर काळा होता, काही उपयोगाचा नव्हता. पण त्यांना तसं सांगवेना. मी त्यांच्यासमोर त्याची शेपूट मापली आणि आभार मानले.

आता मुख्य गोष्ट. पुंडलिकनगरातून एका बाईंचा फोन आला. जोशीकाकू, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “खालच्या बाथरूममध्ये एक पाहुणा आला होता.”

“कोण पाहुणा, काकू?”

“फोनवर सांगण्यासारखं नाही.”

मी गेले तेव्हा समजलं. कमोडचं झाकण उघडलं तर आत पाण्यात उंदीर पोहत होता. काकूंनी झाकण आपटलं, वर पाण्यानं भरलेली बादली ठेवली आणि तासाभरानं बघितलं तर पाहुणा आल्या वाटेनं परत गेलेला. काकूंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. “लोक म्हणतील बाईंचं घर अस्वच्छ. पस्तीस वर्षं मी मुलांची नखं तपासली आहेत गं.”

काकूंच्या घरापासून तिसऱ्या दारी पिठाची गिरणी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मी गल्लीत गेले आणि हरखूनच गेले. गिरणीच्या पायरीवरून पांढरी पावलं निघालेली. पिठाची. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मधून शेपटीची रेघ. काही काकूंच्या फाटकाकडं, काही कोपऱ्याकडं, काही समोर. सगळी बाहेर जाणारी. आत येणारं एकही नाही. इतका स्वच्छ पुरावा मी कधी पाहिला नव्हता. मी फोटो काढले. चाचा म्हणाले, “जल्दी नक्को करो बेटा. दो-चार रोज देखेंगे.” मी म्हणाले, चाचा, दोन-चार रोज देखते देखते शहर बुडालं.

आणि त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. ‘ही पिठाची गिरणी की परक्या उंदरांचं माहेर?’ खाली फोटो, गिरणीचा पत्ता आणि ‘नागरिकहो, आपलं पीठ कुठून येतं ते पाहा!’ संस्थेला विचारलंसुद्धा नाही. घरोघरी स्वतः वाटलं. मला फार बरं वाटत होतं.

चार दिवसांत गिरणीपुढचे दळणाचे डबे नाहीसे झाले. गिरणी चालवणाऱ्या बाईचं नाव कौसाबाई. नवऱ्याच्या मागं त्या एकट्याच चालवत होत्या, जागा भाड्याची. घरमालक आप्पा वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी माझं पत्रक कौसाबाईंच्या हातात दिलं आणि महिनाअखेर जागा मोकळी करा म्हणून सांगितलं. हे मला माहीत नव्हतं. मी तर मोठ्या उमेदीनं गिरणीत पिंजरा लावायची परवानगी मागायला गेले.

कौसाबाई रिकाम्या गिरणीत पाटावर बसून होत्या. चक्की बंद.

“तूच का ती पत्रकवाली?”

“व्हय, मावशी.”

“मावशी नको म्हनू. कुठली तू?”

“देवगाव रंगारी.”

“म्हंजी माझ्या माहेराच्या शेजारची. तरी म्हनलं एवढी लांब जीभ आली कुठून.” त्यांनी आप्पांचा निरोप सांगितला. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. “या शटरामागं माझा जलम गेला. आता चक्की उचलून कुठं नेऊ? डोक्यावर?”

मी अडखळत म्हणाले, “मावशी, राग कळतो, पण पावलं तुमच्याच दारातून निघाली. पुरावा आहे.”

“पीठ हाय म्हनून दिसत्यात, बाई. समोरच्याची फरशी चकचकीत हाय. तिच्यावरून हत्ती गेला तरी पाऊल उठायचं नाय. घे तो झाडू, अन् झाडून ने तुझा पुरावा.”

मी उत्तर तयार करत बाहेर पडले. मला उत्तरं पटकन सुचतात. स्कूटरपर्यंत जाऊन किल्ली लावली आणि सहज मागं वळून बघितलं.

गिरणीच्या पायरीपासून स्कूटरपर्यंत पांढरी पावलं आली होती. माझ्या चपलांची. ठळक, एकामागं एक, सगळी बाहेर जाणारी. आत जाणारं एकही नाही.

माझ्याच पुराव्यानं पाहिलं तर मीही त्या गिरणीतच जन्मलेली होते.

उंदीर कुठूनही आलेले असोत, येताना त्यांच्या पायाला काही लागलेलं नव्हतं. पीठ लागलं ते गिरणीत. म्हणजे गिरणी फक्त शाईची गादी होती, आणि मी तिलाच गुन्हेगार ठरवून घरोघरी वाटून मोकळी झाले होते. शिकलेली मी, आणि मला ते चपलांनी सांगावं लागलं. मावशीनं तर तोंडानं सांगितलं होतं. ऐकायचं कोणी?

महिना संपायला नऊ दिवस उरले होते. चाचांना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, “हौ. अब काम करेंगे.”

येणारी पावलं दिसायला हवी होती. त्यासाठी उंदराच्या पायाला तो गिरणीत शिरण्याआधी काहीतरी लागायला हवं. मार्ग जोशीकाकूंनी काढला. काकू रोज दारात रांगोळी काढणाऱ्या, डब्यांत सगळे रंग भरून ठेवलेले. म्हणाल्या, “मी वर्गात गट पाडायचे तसे गल्ल्यांचे गट पाड. या गल्लीला गुलाबी, डावीकडच्या गल्लीला पिवळी, कोपऱ्याला निळी, मागच्या गल्लीला हिरवी. फाटकाखाली, चेंबरजवळ, पाइपापाशी हातभर रुंद पट्टा घालायचा. कुठल्या रंगाचे पाय गिरणीत येतात ते बघू.”

ऐकायला सोपं. पण घरोघरी गेल्यावर कळलं की घोडं रांगोळीपाशी अडत नाही, झाडूपाशी अडतं. आपल्या बायका उठल्या की सगळ्यात आधी अंगण झाडतात. म्हणजे रातोरात जे काही उमटलं असेल ते उजाडायच्या आत पुसलं जातं. इतकी वर्षं हा प्राणी शहरात कुणाला दिसला का नाही, याचं अर्धं कारण आपली स्वच्छता आहे! मी प्रत्येकीला हात जोडून सांगत होते, पट्टा संध्याकाळी घाला, आणि सकाळी सात वाजता मी येऊन बघेपर्यंत झाडू नका.

“पारोसं अंगण ठेवू म्हणतेस?” मागच्या गल्लीतल्या एक बाई भडकल्या. “आधी पत्रकं वाटून आमचं दळण बंद केलंस, आता झाडणं बंद कर. उद्या म्हणशील स्वयंपाक करू नका, उंदराला वास येतो.”

माझी मान खाली गेली. काकूच पुढं झाल्या. “अहो, दिवाळीत लक्ष्मीची पावलं आपण छापानं उमटवतो. ही तर फुकटात उमटणार आहेत. चार दिवस बघा तरी.” शाळेतल्या बाईंपुढं वाद कोण घालणार? त्या गल्लीतली निम्मी मुलं काकूंच्या हाताखालची.

मावशींकडं जायला मला धीर होत नव्हता. मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. ते त्यांनी बघितलं.

“आता काय?”

“मावशी, चुकले मी. गिरणी बंद करताना आत भिंतीच्या कडेनं पीठ पसरायचंय. पातळ.”

“अजून पीठ घालवती माझं?”

“झाडणीचं चालंल.”

मावशींनी कोपऱ्यातली खाली सांडलेल्या पिठाची पाटी पायानं पुढं सरकवली. “बस, अन् तूच पसर. नीट पसर. चपाती लाटती तशी.”

पहिल्या सकाळी मांजराची पावलं आली, गुलाबी. दुसऱ्या सकाळी निम्म्या अंगणांत काहीच नव्हतं; बायका म्हणाल्या, “हात आपोआप वळला गं.” तिसऱ्या सकाळी दूधवाल्याच्या बुटाचा निळा ठसा सगळ्या गल्ल्यांतून फिरलेला. मी हिशोब चुकल्यासारखी दारोदार बसून ठसे बघायची आणि मनात महिन्याचे दिवस मोजायची. गल्लीतल्या लोकांनी मला नाव ठेवलं, उंदराची नणंद.

पाचव्या सकाळी मी कोपऱ्यावर वळले तर गिरणीचं शटर अर्धं वर होतं आणि मावशी बाहेर उभ्या. आत पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांनी आप्पांनाही वरून बोलावून खाली आणलं होतं, बनियनवरच.

“ये बाई. कुनी हात लावला नाय. बघ आता तूच.”

मी खाली वाकून आत बघितलं. मागच्या भिंतीच्या तळाशी, जिथून ड्रेनेजचा पाइप जातो, तिथल्या भोकातून पावलं आत आली होती. पातळ पिठावर चार बोटांची, पाच बोटांची, मधून शेपटीची रेघ. हिरवीगार. भिंतीच्या कडेनं धान्याच्या पोत्यांपर्यंत आली होती, आणि तिथून पुढं दाराकडं जाताना हिरवा रंग फिकट होत गेलेला. शटराखालून पायरीवर उतरलेली पावलं नुसती पांढरी होती.

मावशी आप्पांना म्हणाल्या, “येताना हिरवी, जाताना पांढरी. दिसतंय का?”

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे मागून येतात.”

“व्हय. तुमच्या संडासाच्या पाइपाखालून. दोन वर्सं झाली सांगती मी, त्या पाइपाभवतीचं शिमीट गेलंय म्हनून.”

आप्पा वर गेले. गवंडी त्याच दुपारी आला. जागा मोकळी करायचा विषय त्यानंतर त्यांनी काढलाच नाही. माफीही मागितली नाही, पण संध्याकाळी त्यांची सून गव्हाचा डबा घेऊन खाली आली.

हिरव्या गल्लीत आम्ही रंगाचा माग उलटा काढत गेलो. तो एका अर्धवट राहिलेल्या इमारतीपाशी संपला. तळघरात गुडघाभर पाणी, ड्रेनेजच्या चेंबरला झाकण नाही. चाचांनी तिथं भजं लावलं. सकाळी पिंजऱ्यात जाड तपकिरी जनावर, पोटाखालचे केस हिरवट. चाचांनी हातमोजा घालून शेपूट पाठीवरून वळवली. नाकापर्यंत पोचली नाही.

“लगाव तुम्हारी टाचनी,” ते म्हणाले.

मी तिथंच वही काढून लिहायला बसले. डोक्यात मथळा तयार होता: ‘तळघरातलं पाप!’ मध्ये बांधणाऱ्याचं नाव, खाली ‘उठा!’. मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, काय लिहिती? मी वाचून दाखवलं.

“परत तेच?” त्या म्हणाल्या. “त्याचं मागून बघ. आधी माझं नाव धू.”

त्यामुळं माझं दुसरं पत्रक माझ्या पहिल्या पत्रकावर निघालं. पत्रकात गुन्हेगाराची जागा मध्ये असते. तिथं मी माझं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट. पावलं बाहेर जाणारी का दिसली, आत येणारी का दिसली नाहीत, हिरवा रंग कुठून आला, सगळं साध्या शब्दांत लिहिलं. पहिलं ज्या घरांत दिलं होतं त्या प्रत्येक घरात जाऊन दिलं, आणि जिथं कुणी दार उघडून उभं राहिलं तिथं वाचूनही दाखवलं. स्वतःची चूक मोठ्यानं वाचताना माझा तो चढा आवाज कुठं गेला कोण जाणे. निम्मे लोक म्हणाले, “आम्हाला आधीच वाटलं होतं.” मग बोलला का नाहीत, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

तळघराच्या मालकाकडं आम्ही पत्रक न घेता गेलो. फक्त फोटो, पिंजरा आणि जोशीकाकू. काकूंनी विचारलं, “तू कोणत्या वर्षीच्या बॅचचा रे?” पंप आठवड्याच्या आत लागला, चेंबरवर झाकण आलं.

उंदीर संपले का? नाही. मी खोटं लिहिणार नाही, एकदा लिहून झालंय. पाणी उपसलं तसे ते नाल्याच्या कडेनं पुढं सरकले. नंतर पुढच्या वस्तीत माझी टाचणी लागली, आणि त्यानंतर अजून पुढं. चाचा म्हणतात, “अपन उसकू एक घर से निकाले, दुनिया से नइं.” याची चीड मला रोज येते. पण आता नवीन वस्तीत गेले की मी आधी रांगोळीचे डबे काढते आणि पाच सकाळी गप्प बसते. हे गप्प बसणं मला तीन माणसांनी शिकवलं. एकानं थांब म्हटलं होतं, एकीनं आपले रंग दिले, आणि एकीनं, जिचं मी वाटोळं करायला निघाले होते, आपल्या गिरणीत मला पीठ पसरू दिलं. तिनं त्या दिवशी शटर ओढून घेतलं असतं तर मी अजून पहिल्याच पत्रकावर खूश असते. कॉलेजात मला भाषण शिकवणारे पुष्कळ भेटले. या तिघांचं ऋण वेगळं आहे, आणि ते इथं छापील लिहून ठेवावं एवढ्यासाठीच मी संपादकांना हो म्हटलं.

मधे वडिलांचा गावाहून फोन आला, “तुझा उंदीर इकडं आला बघ, बांध पोखरलाय.” मी धावत देवगावला गेले. घूस होती. आईनं माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, “नाराज झाली का गं?”

माझं दळण मी अजून त्याच गिरणीत टाकते. बाहेर डब्यांची रांग असते. मी दिसले की मावशी रांगेतल्या नव्या गिऱ्हाइकाला बोटानं दाखवतात. “ही बघा. हिनंच माझी गिरणी बंद पाडायला काढली व्हती.” सगळे वळून बघतात. मग त्या बटण दाबतात, चक्की सुरू होते आणि त्या पुढं काहीतरी बोलतात ते घरघरीत बुडून जातं. ओठ हलताना दिसतात, एवढंच. कितीतरी महिने मला वाटायचं, अजून एखादी शिवी असेल.

परवा बटण दाबलं आणि तेवढ्यात वीज गेली. चक्की सुरूच झाली नाही. मावशींचं वाक्य मात्र सवयीनं निघून गेलं होतं, आणि त्या शांततेत ते सगळ्या रांगेला ऐकू आलं:

“अन् हिनंच चालू ठिवली.”